वाल्द्रेचा काटा

आमच्याकडे मुलीच्या मोठ्या कम्युनियनला, म्हणजे ती वयात येताना चर्चमध्ये होणाऱ्या समारंभाला, तिच्या धर्मपित्याने घड्याळ द्यायचं असतं. द्यायचं केव्हा, तर जेवणात चीज संपल्यावर आणि गोड येण्याआधी. मग ते घड्याळ टेबलाभोवती हातोहात फिरतं, आणि बसलेल्यांतला सगळ्यात जुना कारागीर त्याचं पाठीमागचं झाकण उघडून आत बघतो. दुसऱ्या गावांत याला असभ्यपणा म्हणतील. भेट दिलेल्या वस्तूचं पोट उघडून बघायचं म्हणजे काय. आमच्या गावात नाही उघडलं तर देणाऱ्याला वाईट वाटतं. हे घड्याळांचं गाव आहे, इथे लोक एकमेकांची मुलं पाहायला जातात तेव्हाही आधी मनगटाकडे बघतात.

सोलेनचं कम्युनियन मे महिन्यात होतं. तिचा धर्मपिता म्हणजे तिचा मामा, फिर्मां पूर्शे. जेवण होतं तिच्या आजोबांकडे, आन्सेल्म पूर्शेकडे. मी नात्यातला नाही, पण आन्सेल्म आणि मी वाल्द्रेच्या कारखान्यात शेजारी शेजारी बसून म्हातारे झालो. त्याने काटे लावायचे, मी तपासायचे. त्याच्या बायकोच्या दफनाला पेटीचा एक कोपरा माझ्या खांद्यावर होता. त्यामुळे त्या घरात जेवण असलं की माझी खुर्ची असतेच.

सकाळी प्रार्थनेआधी फिर्मांने मला चर्चच्या भिंतीशी गाठलं. नवा सदरा, मान लाल झालेली.

"लेओन्सकाका, आज सांगून टाकतो पापांना."

"आजच?"

"आज घड्याळ द्यायचंच आहे ना. तेच बोलेल. मग मला थोडंच बोलावं लागेल."

काय सांगायचं होतं ते गावात फक्त मला ठाऊक होतं. फिर्मांने हिवाळ्यात सीमेपलीकडची नोकरी सोडली होती. आमच्या खोऱ्यात ज्याला हात आहेत तो पहाटे गाडी काढतो आणि स्वित्झर्लंडमध्ये कामाला जातो. तिकडे पगार तिप्पट. जो जात नाही त्याच्याबद्दल लोक हळू आवाजात विचारतात, काही दुखणं आहे का. फिर्मां तिकडे बरीच वर्षं होता, घड्याळांच्या एका मोठ्या नावाच्या कंपनीत. एकच स्क्रू, एकाच पट्टीवर, दिवसभर. तो सोडून तो इथे परत आला, आणि तेही वाल्द्रेत.

वाल्द्रे म्हणजे आमचाच जुना कारखाना, आता फक्त नाव उरलेलं. कारखाना बंद पडला तेव्हा नाव कोणी विकत घेतलं, मग आणखी कोणी, आणि आता मादाम रेन्यो म्हणून एक बाई जुन्या चीजघराच्या माडीवर पाच-सहा माणसं घेऊन त्याच नावाने क्रोनोग्राफ, म्हणजे सेकंद मोजायच्या कळा असलेली घड्याळं, जुळवतात. यंत्र जपानहून येतं, बाहेरची डबी कुठून तरी पूर्वेकडून, काटे इथे लागतात. साध्या माणसाला परवडेल असं घड्याळ. फिर्मांला तिथे पूर्ण घड्याळ हातात मिळत होतं. तो मला म्हणाला होता, "काका, तिकडे मी पगार घ्यायचो, इथे मी घड्याळ करतो." पण बापाला सांगायचं धैर्य झालं नव्हतं. म्हणून रोज पहाटे तो सगळ्यांबरोबर गाडी काढायचा, रांगेत लागायचा, नाक्याच्या आधीच्या शेवटच्या चौकात वळायचा आणि मागच्या रस्त्याने चीजघराकडे यायचा.

बापाला सांगणं अवघड का, तर वाल्द्रेने आन्सेल्मचं नाव एकदा खाल्लं होतं. शेवटच्या काही वर्षांत मालकांनी सुटे भाग स्वस्तातले आणले. क्रोनोग्राफची वरची कळ दाबली की लांब काटा धावतो, परत दाबली की थांबतो, खालची दाबली की उडी मारून बारावर परत येतो. कामगारांच्या भाषेत, घरी येतो. आमचे काटे घरी येईनासे झाले. अर्धी रेघ इकडे, अर्धी तिकडे. तेव्हा कोणीतरी म्हण काढली: वाल्द्रेचा काटा दारुड्यासारखा, दारापर्यंत येतो, घरात येत नाही. ती म्हण पॅरिसच्या दुकानांत पोचली. आन्सेल्मच्या हातून गेलेला एकही काटा असा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन, कारण तपासणारा मी होतो. पण म्हण काही हात बघून चिकटत नाही.

जेवण चांगलं झालं. धुरावलेलं सॉसेज, बटाटे, कोंते चीजचा मोठा तुकडा, पिवळी वाइन. सोलेन पांढऱ्या झग्यात, सॉस सांडेल म्हणून हात वर धरून बसलेली. तिची आई मिरेय उठबस करत होती. बाप तिएरी माझ्या समोर. तिएरी पलीकडे मोठ्या नावाच्या कंपनीत मालाची ने-आण बघतो, घड्याळाला कधी हात लावत नाही, पण बोलतो असा की जणू दर रविवारी घड्याळ शोधून काढतो.

चीज उचललं गेलं. फिर्मांने खिशातून डबी काढून सोलेनपुढे ठेवली.

तिने उघडली. निळी तबकडी, दोन छोटी वर्तुळं, शेंदरी काटा. मला ते आवडलं. सोलेनला तर फारच, तिने लगेच मनगटाला बांधलं.

तिएरीने मान लांब करून नाव वाचलं. "वाल्द्रे? मेव्हणे, पलीकडच्या पगारात एवढंच बसलं?"

"मला आवडलं म्हणून घेतलं."

"आवडायला काय, दिसायला छान आहे. थांब, लोक काय म्हणतात बघू." त्याने फोन काढला. "हा एक म्हणतो, पाचपट किमतीचं वाटतं, डोळे मिटून घ्या. हा दुसरा म्हणतो, फ्रेंच आहे ते फक्त नाव, बाकी सगळं बोटीतून आलंय. ही बाई म्हणते, नवऱ्याला दिलं, नवरा खूश, घड्याळही बरं चाललंय. हा ऐक, हा म्हणतो, या नावाला पूर्वी लोक हसायचे, आता किंमत बघून हसू येत नाही."

"फोन ठेव," मिरेय म्हणाली.

"अगं, मी कुठे काय म्हणतोय. लोकांचं मत आहे."

आन्सेल्मने हात पुढे केला. सोलेनने घड्याळ काढून आजोबांच्या तळहातावर ठेवलं. त्याने खिशातला चाकू काढला, झाकणाच्या कडेला टेकवला आणि एका दाबात उघडलं. मग उजव्या डोळ्याला भिंग लावलं. आम्ही सगळे कायम उजव्याच डोळ्याला लावतो. डावा डोळा नुसता शेजारी म्हणून असतो.

"जपानी यंत्र आहे," तो म्हणाला. "वाईट नसतं. स्वच्छ बसवलंय."

फिर्मांने श्वास सोडला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात आन्सेल्मने झाकण लावून घड्याळ उलटवलं आणि कळ दाबली. काटा धावला. थांबवला. खालची कळ. काटा उडी मारून वर आला. आन्सेल्मने भिंग जवळ नेलं. पुन्हा एकदा केलं. तिसऱ्यांदा केलं.

"घरी येत नाही," तो म्हणाला.

"अजूनसुद्धा?" तिएरी हसला. "दारापर्यंत?"

"ज्याने लावलाय त्याला कामाच्या बाकावर बसवायला नको होतं," आन्सेल्म म्हणाला. तो रागावून नव्हता बोलत. आपल्या मुलाने आणलेली भेट हलकी निघाली, पण या घराला घड्याळ कळतं, एवढं जावयासमोर दिसावं म्हणून तो जरा जोरात बोलला. मी त्याला ओळखतो. "लेओन्स, बघ."

मी माझं भिंग लावलं. कळ दाबली, सोडली, परत आणला. काटा बरोबर बारावर होता. बरोबर म्हणजे असा की कारखान्यात असता तर मी दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं.

सोलेन माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "आजोबा, मला तर सरळ दिसतोय."

"आजोबांना शिकवू नकोस," मिरेय म्हणाली.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "इथे उजेड कमी आहे." ऊन थेट टेबलावर पडलं होतं.

काय करणार होतो? आन्सेल्मची शेती, बायको, कारखाना, सगळं गेलेलं. उरला होता तो त्याचा डोळा. गावात अजून लोक घड्याळ घेऊन यायचे आणि म्हणायचे, पूर्शेबाबा, एकदा नजर टाका. मी घड्याळ फिर्मांकडे दिलं. त्याने नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. आपण काय लावलंय ते त्याला भिंगाशिवाय कळत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. बापाचा डोळा गेला म्हणायचं, नाहीतर आपला हात वाईट म्हणायचा.

"चुकला असेल, पापा," तो म्हणाला. "मीच लावलाय."

"तू कुठून लावलास?"

"मी हिवाळ्यापासून तिथे आहे. वाल्द्रेत. पलीकडचं सोडलं."

मिरेयच्या हातात थाळ्या होत्या, त्या तशाच राहिल्या. तिएरीने फोन खिशात घातला, हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं.

"आणि रोज पहाटे गाडी जाते ती?" आन्सेल्मने विचारलं.

"चौकापर्यंत. मग मागून येतो."

"रांगेत उभा राहून?"

"रांगेत उभा राहून."

मला वाटलं म्हातारा आता उठून जाईल. तो उठलाच, पण कपाटाकडे गेला, आणि हत्यारांचा खण बाहेर काढून खिडकीशी घेऊन आला. "मग लावायचा कसा हे कोणीतरी दाखवायला नको का," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ. "ये इकडे. पोरगी वाकडा काटा घालून गावात हिंडणार नाही. आणि तुझं नावही नको जायला."

तिथे कोणीतरी बोलायला हवं होतं. त्याने मुलावर रागवायचं सोडून मुलाची लाज झाकायला घेतली होती, आणि झाकायला काहीच नव्हतं. त्याने यंत्र डबीतून बाहेर काढलं, काटा अलगद उपटला. हात अजून छान होते. फिर्मां शेजारी उभा राहून, शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून, बघत होता. "असा धरायचा. दाबायचा नाही, बसवायचा. दिसतंय?" "दिसतंय, पापा." आन्सेल्मने नीट लागलेला काटा आपल्या उजव्या डोळ्याला दिसेल तसा लावला. परत बंद केलं. कळ दाबली. काटा आला तो बाराच्या उजवीकडे, जवळजवळ पूर्ण रेघ सोडून.

"आता घरी आला," आन्सेल्म म्हणाला, आणि कितीतरी वर्षांनी मी त्याला तसा हसताना पाहिला. "तपासनीस, घ्या."

कारखान्यात मी घड्याळ परत करायचो किंवा एक शब्द म्हणायचो. मी भिंग लावलं. वाकडा काटा बघितला.

"पास," मी म्हणालो.

सोलेनने घड्याळ बांधलं. ती तबकडीकडे बघून मग माझ्याकडे बघत होती. मी वाइनच्या पेल्याकडे बघत होतो.

निघताना फिर्मां माझ्याबरोबर फाटकापर्यंत आला. मी म्हणालो, "मी बोलतो त्याच्याशी. एकटा असताना सांगतो."

"आता काय सांगाल? तुम्ही पास केलंत." तो चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. "राहू द्या काका. काम मान्य केलं ना त्यांनी. मला तेवढंच हवं होतं."

गाव लहान आहे. पाववाल्याकडे मी दुसऱ्याच दिवशी गेलो तर पाववाली हसत म्हणाली, "काय, वाल्द्रेचा काटा अजून बाहेरच झोपतो म्हणे? पूर्शेबाबांना स्वतः लावावा लागला, तोही पोराने लावलेला." आन्सेल्मनेच सांगितलं होतं, कौतुकाने. पोरगा शिकतोय, मी बघतो त्याच्याकडे, पुढच्या सोमवारपासून मीच जाणार आहे माडीवर शिकवायला. त्याला वाटलं तो मुलाची बाजू घेतोय. बोलणं मादाम रेन्योंपर्यंत पोचलं. त्यांनी फिर्मांला विचारलं, काटा खरंच वाकडा होता का, त्याने हो म्हटलं. त्याच्या हातचं प्रत्येक घड्याळ तेव्हापासून तिथली एक मुलगी पुन्हा तपासायला लागली. ती मुलगी काल-परवा कामाला लागलेली. फिर्मांने हे मला सांगितलं नाही. मला ते तिच्या आईकडून कळलं, आणि ते सांगताना तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

बुधवारी मी आन्सेल्मकडे गेलो. सांगायचंच ठरवून गेलो होतो, कसं सांगायचं ते मात्र ठरलं नव्हतं. तो स्वयंपाकघरात बसला होता. डावा डोळा सुजून बंद झालेला, बटाट्याएवढा.

"मधमाशी," तो म्हणाला. "बस."

मी बसलो.

"सकाळी बाहेर पडलो तर चर्चचा मनोरा वाकलेला. म्हटलं, एवढं झालं आणि गावाने मला कळवलं नाही." तो हसला नाही. टेबलावर चौकटींचं मेणकापड होतं, त्यावर त्याने बोट ठेवलं. "ही रेघ. तुला कशी दिसते?"

"सरळ."

"मला इथे पोट आलेलं दिसतं. डावा उघडा असला की डावा सांभाळून घेत असणार. भिंग लावलं की एकटा उजवाच." त्याने खिशातून त्याचं स्वतःचं जुनं घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलं. "याचा काटा मी लावलाय आणि तू तपासलायस, तेव्हा तरणे होतो. तोसुद्धा घरी येत नाही म्हणतोय माझा डोळा."

मी ते घड्याळ हातात घेतलं.

"तुला दिसलं होतं."

"हो."

"पोराला?"

"हो."

"आणि पोरीने तर तोंडाने सांगितलं." तो मेणकापडावर बोट फिरवत राहिला. "फिर्मांने मान खाली घातली ते मी समजतो. तो मुलगा आहे. जावयाला काही कळत नाही. तू माझी घड्याळं परत पाठवायचास, लेओन्स. मी घरी येऊन बायकोजवळ तुला शिव्या द्यायचो. त्या शिव्यांवर मी निर्धास्त असायचो. जे तू परत पाठवलं नाहीस ते ठीक आहे, हे मला माहीत असायचं."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मला वाईट वाटेल म्हणून तू पोराचं नाव घालवलंस. आणि मी पाववालीला सांगत फिरलो."

त्याने कोट चढवला. गाडी मी चालवली. आधी मिरेयकडे गेलो. बुधवारी आमच्याकडे शाळा नसते, सोलेन घरीच होती. घड्याळ तिच्या मनगटावर होतं. आजोबांनी मागितल्यावर तिने मुकाट्याने काढलं. "मी कुणाला नाही सांगितलं, आजोबा," ती म्हणाली. आन्सेल्मने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

चीजघराच्या माडीचा जिना अरुंद आहे. खालून दह्याचा वास येतो. वर पांढऱ्या कोटांतली माणसं वाकून बसली होती. फिर्मां खिडकीशी, आणि त्याच्या शेजारी ती नवी मुलगी, त्याचं घड्याळ डोळ्याशी धरून. आम्हाला बघून फिर्मां उभा राहिला. त्याला वाटलं बाप सोमवारऐवजी आजच शिकवायला आला. त्याने खुर्ची पुढे केली. "बसा, पापा."

आन्सेल्म बसला नाही. मादाम रेन्यो आतून आल्या. त्याने टोपी काढली. सुजलेला डोळा, दुसऱ्यात पाणी.

"मादाम, हा काटा माझ्या मुलाने सरळ लावला होता," तो म्हणाला. "मी तो काढून वाकडा लावला. माझा डोळा बिघडलाय, त्याचा हात नाही. गावात जे बोलतात ते माझ्यामुळे. तेही मी जाऊन मागे घेईन."

ती मुलगी हातातलं घड्याळ खाली ठेवावं की नाही या विचारात तशीच राहिली. फिर्मां कानापर्यंत लाल झाला होता. बापाने त्याची बाजू घेतल्याचा आनंद त्याच्या तोंडावर कुठे नव्हता. चार लोकांत बापाला टोपी हातात धरून उभं राहावं लागलं, तेवढंच दिसत होतं.

"पापा, एवढं कशाला."

"लाव," आन्सेल्म म्हणाला, आणि सोलेनचं घड्याळ त्याच्या बाकावर ठेवलं.

फिर्मां बसला. त्याने झाकण काढलं, यंत्र बाहेर घेतलं, काटा उपटला. आन्सेल्म त्याच्या मागे उभा होता, पण बघत नव्हता. बघून उपयोग नव्हता. तो खिडकीबाहेर बघत होता. काटा बसला, डबी बंद झाली, कळ वाजली. एकदा, दोनदा, तीनदा.

"आला?" आन्सेल्मने विचारलं.

"आला."

सवयीने फिर्मांने घड्याळ माझ्याकडे धरलं. माझा हात भिंगासाठी खिशात गेलाच होता.

"त्याला नको दाखवूस," आन्सेल्म म्हणाला. "तो पास करतो."

फिर्मांने हात मागे घेतला आणि घड्याळ शेजारच्या मुलीकडे दिलं. तिने ते खिडकीकडे वळवून भिंग डोळ्याला लावलं. आम्ही तिघे तिचं तपासून होईपर्यंत थांबलो.